नाही म्हणणारी सून

शेलूबाजार,
११ फेब्रुवारी

प्रिय वैजू,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. तुझा भाऊ तर जरा जास्तच ठणठणीत आहे. सकाळपासून दोन चहा झाले आणि तिसऱ्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराशी खाकरणं सुरू आहे. फोन सोडून पत्र लिहायचं कारण एवढंच, की स्पीकर लावल्याशिवाय मला फोनवरचं ऐकू येत नाही आणि स्पीकर लावला की रस्त्यावरच्या जीपवाल्यांनाही सगळं ऐकू जातं. आता जे सांगणार आहे ते रंजीताच्या कानावर जायला नको.

रंजीताला, म्हणजे तुझ्या लाडक्या भाच्याच्या बायकोला, तू लग्नात पाहिलंस तेवढंच. हरीओमला कंपनीने मेक्सिकोत पाठवलं तेव्हा तीही वर्षभर तिकडे राहिली. आता सहावा महिना लागलाय म्हणून इकडे आली. हरीओमला बाळाच्या वेळेपर्यंत सुट्टी नाही. तर सध्या घरात आम्ही तिघं: मी, तुझा भाऊ आणि ही गुणाची पोर.

वैजू, ही पोर फार गुणाची आहे आणि तेच माझं दुखणं आहे. परवा वांग्याच्या भाजीत दोनदा मीठ पडलं. माझंच तोंड वाकडं झालं, तुझ्या भावाने ताट सरकवलं. आणि ही म्हणते, "चालते आई, छान झाली." पंखा लावू का, तर चालते. बंद करू का, तर चालते. काय खावंसं वाटतं म्हणून विचारलं, तर "काही नको आई." अगं, पोटुशी बाई आणि काही नको? हरीओमच्या वेळी मी तुला चिंचा पाडायला झाडावर चढवलं होतं, ते आठवतं का? तू पडलीस तरी मी आधी चिंचा मोजल्या.

आता खरं सांगते. तिचं माहेर नागपूरचं. आई चार वर्षांपूर्वी गेली. घरात वडील आणि भाऊ गोविंदा, त्याचं अजून लग्न नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून एप्रिलच्या मध्यात गोविंदा तिला न्यायला येणार. दोन पुरुषांच्या घरात तिला कोण पाहणार? तिने इथंच राहावं असं मला फार वाटतं. पण विचारू कशी? मी विचारलं की ती म्हणणार, "चालते आई." तिच्या त्या 'चालते'चं मी काय करू? ज्या दिवशी ती मला एखाद्या गोष्टीला तोंडावर 'नाही' म्हणेल ना, त्या दिवशी तिच्या 'हो'वर माझा विश्वास बसेल. मगच मी तिला विचारीन.

आता तुझं काम. काल गच्चीवर ती हरीओमशी फोनवर बोलत होती. मी जिन्यात तुरीची डाळ घेऊन उभी होते. ऐकत नव्हते, ऐकू आलं. तिकडे त्यांच्या घराखालच्या हॉटेलात मिळायचं ते केसो फुंदीदो म्हणे तिच्या स्वप्नात आलं. फुंदीदो ऐकून मला वाटलं पोर फुंदून फुंदून रडते आहे, डाळ तिथंच टाकून वर धावले. तर ही हसत होती.

तुझी सून मंजुषा असले परदेशी पदार्थ करते, हे तूच मागे कुरकुरत सांगितलं होतंस. तिला विचार आणि सगळी कृती लिहून पाठव. फोन अजिबात करू नकोस.

तुझी,
वहिनी

---

पुणे,
२१ फेब्रुवारी

वहिनीच्या पायाशी वैजूचा नमस्कार,

पहिली गोष्ट, मी कुरकुरले नव्हते, फक्त सांगितलं होतं. दुसरी गोष्ट, चिंचेच्या झाडावरून पडले त्याचा गुडघा अजून थंडीत दुखतो. तो दुखला की मला तुझी आणि हरीओमची आठवण येते, तेव्हा त्याला म्हणावं आत्याला विसरू नको.

सासू सुनेच्या तोंडून 'नाही' ऐकायला तडफडते आहे, हे शेलूबाजारात कोणाला सांगू नकोस. सगळ्या सासवा मिळून तुला वाळीत टाकतील.

मंजुषाला विचारायची गरज नाही, मला ते चांगलं येतं. आमच्याकडे लेकाच्या, गणेशच्या मित्रांना मी कितीदा करून घातलंय. नीट वाचून कर.

चीज पांढरं, घट्ट घ्यायचं, पिवळं नको. हाताने मोकळं करायचं आणि वरून चिमूटभर पीठ लावायचं, म्हणजे तूप सुटत नाही. लोखंडी तवा आधी चांगला तापू द्यायचा, मग आच अगदी मंद करून त्यात चीज सोडायचं. सारखं ढवळायचं नाही, नाहीतर बिघडतं. ते आपोआप चकाकायला लागतं आणि उचललं की तार निघते. वरून परतलेला कांदा, टमाटर आणि भाजून सोललेली मोठी मिरची घालायची. ताटलीत काढायचं नाही. तवाच पाटावर ठेवायचा आणि सगळ्यांनी मक्याच्या पातळ पोळीने त्यातूनच खायचं. गार होऊ दिलं तर चामडं होतं, तेव्हा जेवणारा आधी बसवायचा, मग तवा आणायचा. तिकडे हे जेवणाच्या आधी तोंड चाळवायला खातात म्हणे. आपल्याकडे एवढं खाल्ल्यावर जेवण कशाला लागेल, कोण जाणे.

चीज दुकानातून ताजं आण. आपल्याकडे मिळत नसेल तर दादाला वाशीमला पाठव. तेवढंच त्याचं चहाच्या दारातून हलणं होईल.

रंजीताला मी विचारलं म्हणून सांगू नकोस, कारण मला काही माहीतच नाही.

तुझी,
वैजू

---

शेलूबाजार,
६ मार्च

प्रिय वैजू,

तुझं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांनी रांग सोडल्यासारखं. चष्मा लावून, मग तुझ्या भावाचा चष्मा लावून, दोनदा वाचलं.

वाचल्यावर मी कपाळावर हात मारला. एवढ्या लांब मेक्सिकोत जाऊन माणसं खातात काय, तर चीक! आपण कुरडयांच्या वेळी पातेलं खरवडून खायचो तोच. तूच म्हणायचीस, कुरडया कशाला घालायच्या, चीकच खाऊ. आणि आता पुण्याची होऊन मला लिहितेस, चीक दुकानातून आण! घरात कणगीभर गहू असताना चीक विकत आणला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.

गहू भिजवले, रोज पाणी बदललं, आंबूस वास सुटल्यावर वाटून पिळून घेतले. रंजीता विचारत होती, "आई, एवढ्यात कुरडया?" मी म्हटलं, "हो, औंदा लवकर ऊन पडलं."

तू लिहिलंस तसं चिमूटभर पीठ लावलं, जरी चिकाला पीठ लावायचं कारण मला कळलं नाही. सारखं ढवळायचं नाही, ही मात्र तुझी चूक. तुझ्या हातून भलतंच लिहिलं गेलं असणार. चीक न ढवळता गाठी झाल्याशिवाय राहील का? मी खांदा दुखेपर्यंत ढवळला. वर कांदा, टमाटर, भाजलेली मिरची घातली. मक्याच्या भाकरी केल्या, पातळ काही जमल्या नाहीत.

तेवढ्यात शेजारची प्रयागबाई विरजण मागायला आली. तव्यात डोकावून म्हणते, "अवं माय, हा तं आपला चीक हाय." मी म्हटलं, "प्रयागबाई, हा मेक्सिकोचा हाय. तिकडंई गहू पिकते." ती वाटीभर चाखून गेली आणि जाताना सांगून गेली, की मेक्सिकोवाल्यांना मीठ कळत नाही.

मग रंजीताला बसवलं आणि तवा समोर नेऊन ठेवला. म्हटलं, "घे, तुहं केसो फुंदीदो."

वैजू, तिने आधी तव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तव्याकडे. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मिरचीचं की आठवणीचं, ते मला कळलं नाही. खाली मान घालून तिने सगळं खाल्लं, तवा पुसून खाल्ला. आणि म्हणाली, "छान झालं आई."

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. पण हे 'छान झालं' त्याच आवाजात होतं ज्या आवाजात खारट वांगं छान झालं होतं. तुझा भाऊ म्हणतो, "खाल्लं न तिनं? मंग तुले आखिन काय पायजे?" त्याला काय सांगू? एवढं करूनही मी दाराच्या बाहेरच उभी राहिले, असं मला वाटलं. रात्री मला जेवण गेलं नाही.

गोविंदाचा फोन आला होता. तो चौदा एप्रिलला येतो म्हणाला. रंजीता त्यालाही म्हणाली, "चालते."

तुझी,
वहिनी

---

पुणे,
१४ मार्च, धुळवड

वहिनी, अगं वहिनी,

हसून हसून माझ्या पोटात दुखतंय. गणेश रंग खेळून आला तर मी पलंगावर लोळत होते. त्याला वाटलं आईला भांग चढली.

चीक नाही गं! चीज! ज! जहाजाचा ज! पिझ्झ्यावर घालतात ते, दुधाचं, पांढरी वडी मिळते ते चीज! माझा ज तुला क वाटला आणि तू बिचारीने गहू भिजवले, वाटले, पिळले! आता मला कळलं, मी लिहिलं 'तूप सुटत नाही' आणि तू चिकात तूप शोधत बसली असशील. एवढे कष्ट केलेस, त्या कष्टांचं चीज व्हायचं ते राहिलं आणि चीक झाला. हे वाक्य मंजुषाचं आहे, तिने सांगितलं म्हणून लिहिलं, पण मला पटलं.

हो, पत्र मी मंजुषाला वाचून दाखवलं. रागावू नकोस. आणि आता उघड पडलंच आहे तर सांगून टाकते, ते फुंदीदो मला येत नाही. मंजुषा करते. मी पाट मांडते आणि पाहुण्यांना म्हणते, घ्या, गरम आहे. कृती मी तिच्याकडूनच काढून घेतली आणि तुला ऐटीत माझी म्हणून पाठवली.

पण वहिनी, हसू ओसरल्यावर मला एक गोष्ट खटकली. रंजीता वर्षभर ते खाऊन आलेली पोर. समोर चीक आहे हे तिला पहिल्या घासाला कळलं असणार. तरी तिने तवा पुसून खाल्ला आणि एक शब्द काढला नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी मिरचीचं नव्हतं गं.

मी हे मंजुषाला म्हटलं तर ती माझ्याकडेच पाहायला लागली. म्हणाली, "आई, रंजीता तुमच्यावरच गेली आहे म्हणायची. गणेशचे बाबा गेल्यावर तुम्ही इथं राहायला आलात, तेव्हापासून मी तुमच्या तोंडून 'नको' आणि 'चालेल' एवढंच ऐकलंय. खरं सांगा, सकाळचं ते ओट्सचं तुम्हाला आवडतं का?"

मी म्हटलं, "चालतं गं."

ती उठली. भांडी घासायला निघून गेली. आणि भांडी जरा जोरात वाजत होती.

तू रंजीताला सरळ सांग, की तो चीक होता आणि तू फसलीस. सुनेसमोर सासू फसली तर काही बिघडत नाही, उलट घरात करमणूक होते. आणि खरं चीज आण. मंजुषा म्हणते पिझ्झ्याचं म्हणून मागायचं. ढवळायचं नाही, हे मी चुकून लिहिलं नव्हतं.

तुझी हसून दमलेली,
वैजू

---

शेलूबाजार,
२५ मार्च

प्रिय वैजू,

देवाने तुला अक्षर द्यायच्या वेळी तू चिंचेच्या झाडावर होतीस. तुझं पत्र वाचून मला दोन दिवस प्रयागबाईला तोंड दाखवायची लाज वाटली. तिचंच बरोबर निघालं. आता ती माझं नाव घेऊन गावभर सांगते आहे, की पंचफुलाच्या घरचा चीक मेक्सिकोहून येतो.

तुझं ऐकलं. दुपारी रंजीता शेंगा सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "रंजीता, त्या दिवशी मी तुले चीक खाऊ घातला. ते फुंदीदो नोयतं. मले वैजूचं अक्षर समजलं नाही."

ती हळूच म्हणाली, "मला माहीत होतं आई."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुमी इतके दिवस गहू भिजवून राह्यल्या होत्या. इतका वास येत होता घरात. मी कशी सांगू?"

वैजू, मला राग आला. खरंच आला. इतके दिवस साठलेलं होतं ते बाहेर पडलं. मी म्हटलं, "माय, मी काय पाहुणी हाओ का तुही? खारट भाजी छान, चीक छान, समदंच छान! मी दगड शिजवून घातला तं तोबी छान म्हणशीन तू. मले कसं समजन तुले काय पायजे ते?"

शेंगांनी भरलेलं सूप तिच्या मांडीवरून खाली आलं. मला वाटलं आता रडते. तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "माझी आई गेल्यापासून मला कुणी असं रागावलं नाही." आणि मग रडली. मीही रडले. शेंगा तुझ्या भावाने गोळा केल्या आणि अर्ध्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ एसटीने वाशीमला गेला. तिथं बदरुद्दीनभाईंच्या बेकरीत पिझ्झ्याचं चीज मिळालं. स्टीलच्या डब्यात बर्फ घालून, डबा मांडीवर धरून आला. म्हणतो, "अख्ख्या एसटीनं इचारलं का काय नेऊन राह्यले. मी सांगतलं, सुनेचे डोहाळे. कंडक्टरनं मले खिडकीची जागा देली." डबा उघडून बघितला तर म्हणे, "हे तं कपडे धुवायची वडी हाय!"

मग तवा तापवला. रंजीता पाटावर बसली. मी चीज मोकळं करून पीठ लावलं, आच मंद केली, चीज सोडलं. आणि वैजू, माझ्या हातात उलथनं होतं. जन्मभर चीक केलेला हात, त्याला काय कळतं? तो आपोआप फिरायला लागला.

आणि रंजीता ओरडली, "आई! हलवू नका म्हटलं न! ठेवा ते उलथनं! ठेवा म्हणते!"

तुझा भाऊ बाहेरून धावत आला, त्याला वाटलं मी भाजले.

चीज बिघडलंच. एका बाजूला रबराचा गोळा आणि एका बाजूला तूप. रंजीताने चिमटीत उचलून पाहिलं. तार निघाली नाही, गोळाच वर आला. ती म्हणाली, "नाही आई, हे नाही जमलं. हे मी नाही खात." आणि तवा खाली उतरवून ठेवला.

मला किती आनंद झाला ते तुला कसं सांगू? मी उलथनं हातात धरून हसतच सुटले. ती आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. उरलेल्या अर्ध्या वडीचं तिने स्वतः केलं. मला चुलीपासून दूर बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले. ते मात्र असं झालं, की तुझ्या भावाने पोळीचा तुकडा बुडवून उचलला तर तार त्याच्या मिशीपर्यंत गेली आणि तुटेचना. म्हणाला, "हे खाणं हाय का पतंगाचा मांजा?" आणि दुसरा तुकडा बुडवला.

खाताना रंजीता म्हणाली, माझ्या वांग्याच्या भाजीत मीठ जास्तच असतं. आणि पंखा मला वाटतो तेवढा लागत नाही. आणि सकाळी सहाला मी जो रेडिओ लावते तो तिला मुळीच सहन होत नाही. एकदा दार उघडलं तर बघ काय काय आत आलं.

आता मी तिला विचारणार आहे. विचारायच्या आधी मात्र छाती धडधडते. आता तिचं 'हो' खरं असेल, पण तिचं 'नाही'ही खरंच असेल ना.

तुझी,
वहिनी

---

पुणे,
३ एप्रिल

वहिनी,

विचारलंस का? गोविंदा यायला किती दिवस राहिले आणि तू छाती धरून बसली आहेस! पुढचं पत्र येईपर्यंत मी जगेन की नाही सांगता येत नाही. पण फोन करणार नाही, तुझे जीपवाले ऐकतील.

इकडची बातमी. तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुषाने ओट्सची वाटी समोर ठेवली. मी म्हटलं, "नको, मला हे नाही आवडत. भिंतीला कागद चिकटवायच्या खळीसारखं लागतं." मंजुषा मटकन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मलाही नाही आवडत आई! तुमच्या साखरेसाठी करते आणि तुम्ही एकट्या कशा खाल म्हणून मीही गिळते!"

दीड वर्ष दोघी एकमेकींसाठी खळ खात होतो. गणेश म्हणाला, "मग मला कशाला देत होतात?" मी त्याची वाटी उचलून आत नेली. आता सकाळी ज्वारीच्या कण्या असतात, आणि त्या मी करते.

दादाला सांग, एसटीतली खिडकीची जागा त्याने नातवाच्या नावावर घेतली आहे, तेव्हा उपकार मानावे.

लवकर लिही.

तुझी,
वैजू

---

शेलूबाजार,
११ एप्रिल

प्रिय वैजू,

विचारलं.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी विचारलं. तिचे पाय सुजले होते, मी तेल लावत होते. मान वर न करताच म्हटलं, "रंजीता, नागपूरले नको जाऊ. इथंच राह्य. मी हाओ न, मी करतो तुहं समदं. तिथं तुले कोन पायन?"

तिने माझ्या तेलाच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही आई."

मी तेल लावतच राहिले. काय करणार? इतके दिवस हाच शब्द मागत होते आणि तो मिळाला तेव्हा असा लागला, की डोळ्यांपुढे तिचे पाय दिसेनासे झाले. पण एवढं मला कळलं, की ही पोर आता माझ्याशी खोटं बोलत नाही. मी म्हटलं, "बरं माय. तुही मर्जी."

ती म्हणाली, "बाबांनी आईची खोली रंगवून घेतली. माळ्यावरचा पाळणा स्वतः काढला, गोविंदाला हातसुद्धा लावू दिला नाही. आई गेल्यापासून त्या घरात काही चांगलं झालंच नाही. मी नाही गेली तर ते काही बोलणार नाहीत. पण त्यांना काय वाटेल, मला माहीत आहे."

मला त्या अनोळखी माणसाचं वाईट वाटलं, वैजू. व्याही म्हणून दोनदा भेटले, पण तो एकटा शिडीवर चढून पाळणा काढताना दिसला. मी म्हटलं, "जाय. तुहं बरोबर हाय. मी डिंकाचे लाडू करून देतो संगं."

तेव्हा तिने पाय काढून घेतला. म्हणाली, "लाडू कशाला देता? तुमीच चला न."

"कुठी?"

"नागपूरला. माझ्यासोबत."

मी हसले. म्हटलं, "येडी का काय? सुनेच्या माहेरी सासू बाळंतपणाले जाते का कुठी? व्याह्याच्या घरात जाऊन राहू मी? लोक काय म्हनतीन? तुह्या बापाले काय वाटन?"

"बाबांना मी कालच विचारलं. ते म्हणाले, त्यांना म्हणावं, घरात बाईमाणूस नाही म्हणून आम्हीच घाबरून गेलो आहोत. तुमी आल्या तर उपकार होतील."

"अन् तुह्या सासऱ्याचं जेवन?"

"त्यांचं त्यांना विचारा."

तुझा भाऊ दारातच उभा होता, चहासाठी. त्याने दोघींकडे पाहिलं आणि म्हणाला, "मले नोका इचारू. मी नाही म्हटलं तं कोन ऐकते या घरात?"

तरी मी म्हटलं, "नाही रंजीता, नाही जमनार." तर तिने काय म्हणावं? "तुमचं नाही मी ऐकत नाही. मी तिथं ओरडीन तेव्हा मला रागवायला कोणीतरी पाहिजे. माझी आई नाही न तिथं."

वैजू, मी तीन लेकरं वाढवली. सून आणली. पण 'तुम्ही पाहिजे' असं मला तोंडावर आजवर कोणी म्हटलं नव्हतं. सगळे धरूनच चालतात की मी आहेच. मी तिथंच, तेलाच्या हातांनी, तोंड झाकून बसले. ती म्हणते, "आई, केसांना तेल लागलं." लागू दे म्हटलं.

तर आता ऐक. गोविंदा सोमवारी गाडी घेऊन येतो आहे. हे पत्र तुझा भाऊ वाशीमहून कुरियरने टाकतो आहे, उद्या मिळेल; तू रविवारी निघ आणि इथं ये. तुझ्या भावाला डाळ-भात येत नाही आणि चहा तर येतच नाही, नुसता मागता येतो. दोन महिने त्याला सांभाळ. मंजुषालाही जरा सुटी मिळेल, आणि तुझी आठवण आली तर ती स्वतः येईल इथं, तव्यासकट. येते की नाही ते कळव. यावेळी फोन केलास तरी चालेल, स्पीकरवर ऐकू दे सगळ्यांना.

काल गोणपाटातून माझी जुनी लोखंडी पेटी काढली, लग्नात आणलेली. प्रयागबाई कुंपणावरून विचारत होती, "एवढी तयारी कुठली वं?" माझी आई जाऊन वीस वर्षं झाली, भाऊ गाव सोडून गेले, त्या घराचं दार मी पुन्हा पाहिलं नाही. त्यामुळे जे तोंडातून निघालं ते ऐकून मीच थांबले.

मी तिला म्हटलं, "माहेरी चालली मी."

तुझी,
वहिनी